जे क्रेमोना विसरलं होतं

व्हायोलिन घडवणाऱ्या आंतोनिओ स्त्रादिवारीची कबर शोधायला निघालात, तर इटलीतल्या क्रेमोनामध्ये तुम्ही एका बागेत येऊन पोहोचता. पियाझ्झा रोमा हे तिचं नाव. मोठी झाडं, बाकडी, सायकली हातात धरून गप्पा मारणारे म्हातारे, आणि मध्ये एक दगडी शिळा. शिळेवर स्त्रादिवारीचं नाव आहे, १७२९ हे साल आहे. खाली मात्र कोणी नाही. इथे पूर्वी सान दोमेनिकोचं चर्च होतं. त्या चर्चमधल्या एका छोट्या प्रार्थनाघरातली कबर स्त्रादिवारीने १७२९ मध्ये, आठ वर्षं आधीच, विकत घेऊन ठेवली होती आणि डिसेंबर १७३७ मध्ये त्याला तिथे पुरलं. १८६९ मध्ये नगरपालिकेने ते चर्च पाडायला घेतलं. कबरीतली हाडं इतरांच्या हाडांत मिसळून गेली. मूळ शिळा तेवढी वाचली.

चर्चसमोर त्याचं घर होतं. १६८० मध्ये त्याने ते विकत घेतलं, मरेपर्यंत तिथे राहिला, तिथेच काम केलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात शहराची नवी आखणी झाली तेव्हा तेही गेलं. उभं आहे ते त्याच्या आधीचं घर, कोर्सो गारिबाल्दीवरचं, जिथे तो १६६७ मध्ये लग्न करून राहायला आला.

जगात क्रेमोना हे नाव व्हायोलिनशिवाय कोणी घेत नाही. आणि याच गावाने आपल्या सर्वांत थोर कारागिराचं घर पाडलं, कबर उखडली, त्याची हत्यारं बाहेर जाऊ दिली. गावाला भेट देणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, इथे चारशे-साडेचारशे वर्षं बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे विद्या अखंड वाहत आली. तशी ती आलेली नाही. मध्ये ती तुटली, आणि नंतर माणसांनी ठरवून, झटून ती पुन्हा उभी केली. मला या गावाबद्दल आदर वाटतो तो या दुसऱ्या गोष्टीसाठी.

हे नाव माझ्या आयुष्यात फार लवकर आलं. मी मिरजेची. लहानपणी हातात आलेल्या व्हायोलिनच्या पोटात, नक्षीच्या फटीतून डोळा लावून पाहिलं की एक पिवळा कागद दिसायचा आणि त्यावर लॅटिनमध्ये छापलेलं: आंतोनिउस स्त्रादिवारिउस क्रेमोनेन्सिस. असे कागद जगभर लाखो वाद्यांत आहेत. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात जर्मनीत, बोहेमियात कारखान्यांनी स्वस्त व्हायोलिनं ढिगांनी बनवली आणि कोणत्या नमुन्यावर बनवलं ते सांगण्यासाठी आत हे लेबल डकवलं. त्यातलीच कितीतरी मुंबईच्या दुकानांतून महाराष्ट्रातल्या घरोघरी आली. गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, वि. गो. जोग, डी. के. दातार यांनी या परक्या वाद्यातून ख्याल गाऊन दाखवला, प्रभाकर जोगांनी त्यातून भावगीताचे शब्द ऐकवले. गोव्यात तर त्याच्याही कितीतरी आधी, चर्चच्या शाळांत मुलं सोल्फा आणि व्हायोलिन एकत्र शिकत होती. तेव्हा क्रेमोनाला जाणं हे माझ्यासाठी नुसतं पर्यटन नव्हतं.

मिलानहून आगगाडीने सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. दोन्ही बाजूंना पो नदीचा सपाट, मक्याचा, गुराढोरांचा मुलूख. गाव जुनं आहे. इसवी सनापूर्वी २१८ मध्ये रोमनांनी वसवलेलं, कवी व्हर्जिल काही काळ इथे शिकला, संगीतकार मोंतेव्हेर्दी १५६७ मध्ये इथे जन्मला. १४४१ मध्ये फ्रांचेस्को स्फोर्झाशी लग्न करताना बियांका मारिया व्हिस्कोंतीने हे अख्खं गाव हुंड्यात आणलं. त्या लग्नाच्या मेजवानीत गावातल्या मनोऱ्याच्या आकाराची मध-बदामाची मिठाई ठेवली होती, अशी इथली आख्यायिका. ती मिठाई, तोर्रोने, आज प्रत्येक दुकानात मिळते आणि घ्यावीच.

मनोऱ्याचं नाव तोर्राझ्झो. ११२ मीटर उंच, विटांचा, वर जायला ५०२ पायऱ्या. त्याच्या अंगावर आठ मीटरहून मोठं घड्याळ आहे, दिव्हिझिओली बापलेकांनी १५८३ ते १५८८ या काळात बसवलेलं. वेळेबरोबर ते सूर्य कोणत्या राशीत आहे आणि चंद्राची कला कोणती तेही दाखवतं. ज्या वेळी अमाती घराणं गावात व्हायोलिनचा आकार पक्का करत होतं, त्याच वेळी चौकात हे चक्र चढवलं जात होतं. भूमिती, लाकूड, धातू, माप यांत हात मुरलेली माणसं या एका गावात किती होती, ते यावरून कळतं.

लाकडाचा हात पाहायचा असेल तर मनोऱ्याला लागून असलेल्या कॅथेड्रलमध्ये जावं. ११०७ मध्ये सुरू झालेलं, १११७ च्या भूकंपात कोसळलेलं आणि पुन्हा उभारलेलं हे देऊळ. प्रवासी थबकतात ते पोर्देनोनेने १५२० च्या सुमारास रंगवलेल्या क्रूसारोहणाच्या प्रचंड भित्तिचित्रापाशी, आणि ते चित्र थबकायला लावणारंच आहे. पण गायकवृंदाच्या लाकडी आसनांपाशी जाऊन पाहा. जोव्हान्नी मारिया प्लातिनाने १४८२ ते १४९० अशी आठ वर्षं त्यावर काम केलं. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे कागदासारखे पातळ तुकडे एकमेकांत बसवून त्याने गावाची दृश्यं, भांडी, पुस्तकं उभी केली. कुठे सांधा दिसत नाही. अमाती घराण्याचा मूळपुरुष आंद्रेआ जन्मला तेव्हा ही आसनं नवी होती. व्हायोलिनच्या कडेला जी काळी-पांढरी-काळी बारीक रेघ असते, ती रंगवलेली नसते. ती अशीच, खाचेत बसवलेल्या लाकडाच्या तीन पट्ट्यांची असते आणि कडेला पडलेली चीर आत जाऊ नये म्हणून असते. ही विद्या आकाशातून पडलेली नाही.

आंद्रेआ अमातीची कार्यशाळा १५३० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. फ्रान्सच्या नवव्या चार्ल्स राजाच्या दरबारासाठी त्याने वाद्यांचा मोठा संच केला. त्यातली मूठभर आज उरली आहेत, पाठीवर राजाचं चिन्ह रंगवलेली. आंद्रेआनंतर आंतोनिओ आणि जिरोलामो हे मुलगे. तीन पिढ्यांच्या काळात, जवळजवळ नव्वद वर्षं, हा धंदा एकाच घरात राहिला. दारं बंद होती.

मग १६३० साल उजाडलं. दोन वर्षं दुष्काळ पडला होता, सैन्यं मुलूख तुडवत होती, आणि त्यांच्यामागोमाग प्लेग आला. मिलानच्या मुलखात माणसं अक्षरशः रस्त्यात पडली. क्रेमोनातही तेच. जिरोलामो अमाती मेला, घरातली इतर माणसंही गेली. उरला त्याचा तिशीतला मुलगा निकोलो. इटलीत इतरत्रही कारागीर मेले होते. ब्रेशिया हे व्हायोलिनचं दुसरं मोठं केंद्र, तिथला जोव्हान्नी पाओलो माज्जीनी याच साथीच्या काळात नाहीसा होतो. म्हणजे एका क्षणी ही सगळी विद्या जवळजवळ एका माणसाच्या हातात उरली होती. निकोलोला मूल नव्हतं, लग्नही झालेलं नव्हतं. तोही त्या उन्हाळ्यात गेला असता तर पुढचं काहीच झालं नसतं, हा विचार मला त्या गावात चालताना पुन्हा पुन्हा यायचा.

निकोलोने पुढच्या दशकात जे केलं ते त्याच्या बापाने, आजोबाने कधी केलं नव्हतं. त्याने रक्ताचं नातं नसलेल्या मुलांना घरात घेतलं. १६४१ च्या जनगणनेच्या नोंदीत त्याच्या घरात आंद्रेआ ग्वार्नेरी हा मुलगा राहत असल्याचं लिहिलेलं आहे. हा आंद्रेआ पुढे स्वतःचं घराणं काढणार होता, आणि त्याचा नातू जुझेप्पे, ज्याला जग देल जेसू म्हणून ओळखतं, तो पागानिनीच्या हातातलं व्हायोलिन घडवणार होता. रुजेरी, रोजेरी हेही याच पिढीतले. आणि १६६६ सालच्या एका व्हायोलिनच्या लेबलावर तरुण स्त्रादिवारीने स्वतःला निकोलो अमातीचा शिष्य म्हणवलं आहे. व्हायोलिनचं सुवर्णयुग म्हणून जे सांगितलं जातं, ते या उघडलेल्या दारातून आलं. दुःखाने उघडलेलं दार होतं ते, पण उघडलं गेलं.

सान दोमेनिकोच्या आसपासचा तो मोहल्ला पायी फिरून होतो. अमाती, ग्वार्नेरी, स्त्रादिवारी, पुढे बेर्गोन्झी, सगळे हाकेच्या अंतरावर. कोणाच्या अंगणात फळ्या सुकतायत, कोणी कोणतं रोगण लावलंय, कोणाला कुठल्या राजाचं काम मिळालंय, हे लपून राहणं शक्यच नव्हतं. म्हणून 'स्त्रादिवारीचं रहस्य' या गोष्टीवर माझा विश्वास नाही. शेजारी होते, स्पर्धा होती, गिऱ्हाईक होतं, आणि एका माणसाचं विलक्षण दीर्घ आयुष्य होतं. नव्वदी गाठल्यावरही त्याच्या हातात पटाशी होती. त्याने सुमारे ११०० वाद्यं घडवली असावीत असा अंदाज आहे. त्यातली साडेसहाशेच्या आसपास आज आहेत. एवढं काम करणाऱ्या माणसाला लपवण्यासाठी वेळ कुठून मिळणार?

तो १७३७ मध्ये गेला. देल जेसू १७४४ मध्ये, कार्लो बेर्गोन्झी १७४७ मध्ये. दहा वर्षांत मोहल्ला रिकामा झाला. स्त्रादिवारीचे फ्रांचेस्को आणि ओमोबोनो हे धंद्यातले दोन मुलगेही १७४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच वारले. धाकटा पाओलो कापडाचा व्यापारी होता. १७७५ च्या सुमारास पिएमोंतेचा एक विशीतला सरदार, कोझिओ दी सालाबुए, पाओलोकडून घरात उरलेली व्हायोलिनं आणि पाठोपाठ बापाचे साचे, आराखडे, हत्यारं असं सगळं विकत घेतो. पाओलोने ते आनंदाने दिलं. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या दृष्टीने ते अडगळीचं सामान होतं, आणि गावालाही वेगळं काही वाटत नव्हतं. नंतर लुइजी तारिझिओ नावाचा सुतारकाम जाणणारा फिरस्ता खेडोपाडी, मठामठांतून जुनी व्हायोलिनं गोळा करत पॅरिसला नेऊन विकू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर क्रेमोनाचं वैभव पाहायचं तर पॅरिस किंवा लंडन गाठावं लागत असे. मागणी होती ती फ्रान्समधल्या मिरकूर आणि जर्मनीतल्या मित्तेनवाल्डच्या कार्यशाळांना. गावात लोरेन्झो स्तोरिओनी आणि चेरुती घराण्याने दिवा तेवत ठेवला, पण तो मोहल्ला आता नव्हता. १८६९ मध्ये चर्च पाडणाऱ्यांनी दुष्टपणा केला असं मला वाटत नाही. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.

आठवण करून दिली ती बाहेरच्याने. जुझेप्पे फिओरिनी हा बोलोन्याजवळच्या बाझ्झानोचा. म्युनिकमध्ये त्याचं बस्तान होतं, पुढे झ्युरिक आणि रोममध्येही त्याने काम केलं. कोझिओचा ठेवा त्याच्या वारसांकडे तुरिनच्या एका मार्क्विस घराण्यात पडून होता. फिओरिनीने १९२० मध्ये तो एक लाख लिरांना विकत घेतला. कारागिराच्या कमाईला ही रक्कम फार मोठी होती. त्याला या वस्तू कपाटात मिरवायच्या नव्हत्या. त्यांच्या भोवती इटलीत व्हायोलिनकामाची शाळा निघावी, हा त्याचा ध्यास होता. शाळा निघेना. शेवटी १९३० मध्ये त्याने सगळा ठेवा क्रेमोनाला देऊन टाकला आणि १९३४ मध्ये तो वारला. स्त्रादिवारीच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली म्हणून १९३७ मध्ये गावाने मोठं प्रदर्शन भरवलं आणि १९३८ मध्ये शाळा सुरू झाली. फिओरिनीला ती पाहता आली नाही, याची मला खंत वाटते.

शाळा चालवायची तर शिकवणारे हवेत, आणि गावात ते नव्हते. युद्धानंतर हंगेरीहून आलेला पेतर तातार, पार्माकडचा पिएत्रो स्गाराबोत्तो, आल्प्समधल्या तार्व्हिझिओचा जिओ बात्ता मोरास्सी अशा माणसांनी ती सांभाळली. रोममध्ये जन्मलेला आणि न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेला सिमोने साक्कोनी येऊन जाऊन शिकवत राहिला. आज गावात दीडशेच्या वर कार्यशाळा आहेत आणि त्यांच्या दारावरच्या पाट्या वाचत गेलं तर जपानी, कोरियन, चिनी, फ्रेंच, जर्मन नावं भेटतात. २०१२ मध्ये युनेस्कोने क्रेमोनाच्या व्हायोलिनकामाला मानवजातीचा अमूर्त वारसा मानलं. त्या परदेशी हातांचाही त्यात वाटा आहे, हे विसरू नये.

२०१३ मध्ये उघडलेलं व्हायोलिन संग्रहालय पाहताना लोक काचेतल्या १७१५ च्या 'इल क्रेमोनेझे' या स्त्रादिवारीपाशी गर्दी करतात. मला मात्र फिओरिनीने दिलेल्या लाकडी साच्यांच्या खोलीतून निघवेना. साधे अक्रोडाच्या फळीचे तुकडे, व्हायोलिनच्या कमरेसारखे कापलेले, काठाला खोबणी. बाजूच्या पातळ पट्ट्या ओल्या करून तापलेल्या लोखंडावर वाकवायच्या, या साच्याभोवती बसवायच्या, मग आतला साचा काढून घ्यायचा. त्या लाकडावर त्याच्या हाताची शाई आहे, साच्याला ओळखण्यासाठी लिहिलेली अक्षरं आहेत, कर्कटकाची टोचणी आहे. रहस्य शोधणाऱ्यांनी इथे यावं. इथे मोजमाप आहे, उरलेल्या लाकडाचा काटकसरीने केलेला वापर आहे, रोजचं काम आहे.

आणखी एक गोष्ट इथे नीट कळते. आपण ज्याला स्त्रादिवारीचा आवाज म्हणतो तो पूर्णपणे त्याचा नाही. एकोणिसाव्या शतकात सभागृहं मोठी झाली, सूर चढला, तारा ताणल्या गेल्या. तेव्हा जवळपास सगळ्या जुन्या व्हायोलिनांच्या माना काढून लांब आणि तिरक्या बसवल्या, आतली आधारपट्टी बदलून दणकट केली. हे करता आलं कारण सगळं सरसाने चिकटवलेलं असतं. ऊब आणि ओल दिली की सांधा सुटतो, दुरुस्ती करून पुन्हा बसतो. नखाएवढ्या जाडीचं हे वाद्य तीनशे वर्षं टिकलं ते शेकडो अनामिक दुरुस्तीवाल्यांमुळे. रोगणाबद्दलही तेच. २००९ मध्ये फ्रेंच संशोधकांनी स्त्रादिवारीच्या पाच वाद्यांवरच्या रोगणाचे कण तपासले. निघालं तेल, राळ आणि चित्रकार वापरतात तसले साधे रंग. २०१२ मध्ये पॅरिसजवळ दहा नामांकित वादकांना डोळ्यांवर काळे गॉगल देऊन सहा जुनी आणि सहा नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. त्यांच्यापैकी सहा जणांनी दौऱ्यावर नेण्यासाठी नवं वाद्य निवडलं. याने स्त्रादिवारी लहान होत नाही. जिवंत कारागीर मात्र मोठे होतात.

आणि तरी जुन्यावर या गावाचा आता किती जीव आहे पाहा. जानेवारी २०१९ मध्ये या संग्रहालयातल्या वाद्यांचा प्रत्येक स्वर ध्वनिमुद्रित करून ठेवायचं ठरलं, पाच आठवडे. बत्तीस मायक्रोफोन लावले. बाहेर फरशीवरून जाणाऱ्या गाडीची, टाचेच्या बुटाचीही थरथर आत येत होती. महापौरांनी आजूबाजूचे रस्ते वाहनांना बंद केले आणि गावकऱ्यांना आवाज न करण्याची विनंती केली. इमारतीतले पंखे, लिफ्ट बंद, सभागृहातले गुणगुणणारे दिवेही काढले. ज्या गावाने दीडशे वर्षांपूर्वी कबर खणून टाकली होती, त्याच गावाने व्हायोलिनसाठी पाच आठवडे हळू पावलं टाकली.

मोहल्ल्यातल्या एका जपानी कारागिराने मला आत बोलावलं. माळ्यावर स्प्रूसच्या फळ्या सुकत होत्या, फिएम्मेच्या खोऱ्यातल्या. २०१८ च्या ऑक्टोबरातल्या वादळाने तिकडे जंगलंच्या जंगलं आडवी केली, त्यातलीच काही खोडं होती ती. त्याने हातातलं नवं व्हायोलिन मला वाजवायला दिलं. मी खाली मांडी घालून बसले, वाद्याचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवलं, तारा उतरवून पंचम-षड्जात लावल्या आणि यमनची मींड घेतली. त्याने मला थांबवून तारांचा ताण विचारला, मी कोणता सूर षड्ज धरते ते वहीत लिहिलं, आणि एवढ्या ढिल्या तारांना घोडी थोडी पातळ लागेल असं म्हणाला. मग मी कुठली ते विचारलं.

मी मिरजेबद्दल सांगितलं. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी घडवायला लागली ते, पंढरपूरकडून येणारे भोपळे, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मिळालेलं भौगोलिक मानांकन. त्याने विचारलं, तिथे बाहेरचा मुलगा शिकायला आला तर घेतात का. मी म्हटलं, बहुतेक घरातलीच मुलं शिकतात.

"इथेही १६३० पर्यंत तसंच होतं," तो म्हणाला, आणि घोडी तासायला बसला.